शेवटच्या प्रकरणाचं वाचन

संघदीपला तुम्ही सगळे ओळखता. आपल्या इंद्रभानचा पोरगा. सोलर पंपाच्या कंपनीत नोकरीला आहे, मोटारसायकलला पान्ह्यांची पेटी बांधून गावोगाव हिंडतो. अनसिंगच्या शिवारातले निम्मे पंप त्याच्या हातचे. पोरगा खोटं बोलणारा नाही. आणि भुताखेतावर तर त्या घरात कोणाचाच विश्वास नाही, असला विषय निघाला की इंद्रभान चपला घालून उठतो. म्हणून मी हे सांगतो. संघदीपनं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना तो दाराकडं पाठ करून बसला नाही.

शेकोटीत दोन पऱ्हाट्या सारा. हरभऱ्यात रोह्यांचा कळप शिरला तर आवाज येईलच. ऐका.

संघदीपची धाकटी बहीण धम्मदीपा. तिला डोळ्यांनी दिसत नाही, पण एकदा कानावर पडलेलं ती विसरत नाही. वाशिमला एम.ए. करते, मराठी घेऊन. तिच्या विषयाची पुस्तकं जुनी, शंभर शंभर वर्षांपूर्वीच्या पंडितांनी लिहिलेली. नागाची पूजा कुठून आली, कोणत्या देवाची गोष्ट कोणत्या मुलखातून फिरत आली, मेलेल्या माणसाच्या वाटेबद्दल कुठं काय सांगतात, असल्या अभ्यासाची. ती ब्रेलमध्ये मिळत नाहीत. छापील मिळाली तर पानं तुटतील इतकी जुनी.

तेव्हा वाशिमच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल वैजयंतीताईंनी एक गट बांधला. ज्याला नीट वाचता येतं त्यानं एक एक प्रकरण घ्यायचं, घरी बसून फोनवर वाचून पाठवायचं. ताई रात्री कानाला हेडफोन लावून ते ऐकायच्या. चुका काढायच्या, खोकला, कुत्रं, पडलेलं भांडं, सगळं कापून वाचन स्वच्छ करायच्या. असं प्रकरणाला प्रकरण जोडून पुस्तक उभं राहायचं. जऊळक्याची एक शिक्षिका, कारंज्याचा एक पोस्टमन, आपला संघदीप, असे बरेच जण होते. एकमेकांना कोणी पाहिलेलं नव्हतं. ओळख ती आवाजाची.

इंद्रभानला हे पटत नव्हतं. एकदा जेवताना तो म्हणाला, "ह्या पुराणांतून सुटाले आमच्या बापानं सारं सोडलं, अन् तुमी तेच कानात घालून राह्यले."

धम्मदीपा म्हणाली, "बाबा, ज्यानं हे लिवलं त्यानं मानलं नाई, तपासलं. मले बी तपासाचंच हाय."

इंद्रभाननं ताट पुढं ओढलं. पोरीपुढं त्याचं चालत नाही.

त्या गटात मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचे गोविंदसिंग सर होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. तांड्याचं नाव मी सांगत नाही, तिथं माणसं राहतात. सरांचा आवाज भरदार, शब्द न् शब्द सुटा. सगळ्यात अवघड ग्रंथ त्यांनीच मागून घेतला होता. मृत्यूच्या कथांचा. देशोदेशीच्या लोकांनी मरणाचं घर कसं कल्पिलं, तिथं कोण गेलं, कोण परत आलं, हा त्याचा विषय. सर एकटेच तो सगळा वाचत होते. गटावर बोलायचे नाहीत. 'प्रकरण पाठवले आहे' एवढा निरोप, आणि मागं फाईल. धम्मदीपाच्या जानेवारीतल्या परीक्षेला नेमका हाच ग्रंथ होता, आणि त्याचं एकच प्रकरण राहिलं होतं. शेवटचं.

ते काही येईना. ताईंनी फोन लावून पाहिला, लागला नाही. डिसेंबरात एक दिवस गटावर सरांचा निरोप आला. 'शेवटचे प्रकरण येऊन घेऊन जावे.'

तारीख सांगतो. गेल्या डिसेंबरची एकोणीस. शुक्रवार. मार्गशीर्षातली अमावास्या. संघदीपला त्या दिवशी मानोऱ्याकडं एका शेतात पंपाची तक्रार होती. तो ताईंना म्हणाला, येताना सरांकडून घेऊन येतो, पेन ड्राइव्ह खिशात आहे. ताईंना बरं वाटलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या,

"सरांना माझा नमस्कार सांगजो. अन् तब्येत कशी हाय ते पाह्यजो. पहिले त्यांचा खोकला कापता कापता माझी अर्धी रात्र जायची. आता एक खोकला नाई. खोकला जाऊ दे, संघदीप, त्यांचा श्वास बी ऐकू येत नाई."

"म्हंजे?"

"वाचताना आपण दम घेतोच ना. दोन वाक्यांच्या मधात. तो आवाज मी हळू करत असते. सरांच्या फाईलीत हळू कराले काहीच नसते. वाक्याले वाक्य लागून. मशीन वाचते तसं, पण मशीन नाई. कोणता माइक घेतला ते विचारजो."

संघदीप हसला. म्हणाला, विचारतो.

पंपाच्या कामाला उशीर झाला. कंट्रोलरच जळालेला होता. शेतकऱ्यानं भाकरीचा आग्रह केला, तो यानं मोडला नाही. फाट्यावर आला तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. फाट्यावर चहाची एक टपरी, तीही आवरत आलेली. तांड्याचा रस्ता विचारला, तर टपरीवाला म्हणाला,

"सीधा जा. पर तिथं आता कोन हाय? सारे ऊस तोडाले गेले. पाच-सात म्हातारे राह्यले असतीन."

कोणाकडं जायचं हे त्यानं विचारलं नाही. संघदीपनंही सांगितलं नाही.

तिथून त्यानं घरी फोन केला. धम्मदीपा म्हणाली, "दादा, उद्या गेला असता तरी चाललं असतं. थंडी हाय."

"आता आलोच हावो इथलोक. पाच मिनटाचं काम हाय."

"बरं. सरांचं वाचन चालू असन तर मधात दार नोको ठोकू. त्याईचं प्रकरण खराब होईन."

हे गटातल्या सगळ्यांना माहीत होतं. वाचणाऱ्याला मध्येच आवाज आला की तो थांबतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं.

रस्ता कच्चा. दोन्ही बाजूंनी तूर, माणसाच्या डोक्याइतकी उंच. मोटारसायकलच्या उजेडात शेंगा हलायच्या आणि मागं अंधार मिटायचा. तांडा आला. दारोदार कुलपं. अंगणांत चुली थंड, एका घरापुढं उलटी टाकलेली खाट. लाइट नव्हती. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. संघदीपला वाटलं, सरांच्या फाईली इतक्या स्वच्छ का येतात ते कळलं. इथं आवाज करायला आहेच कोण.

त्यानं गाडी देवळाजवळ बंद केली. आणि ती बंद झाली तसा त्याला तो आवाज ऐकू आला.

भरदार. शब्द न् शब्द सुटा.

त्याला खरंच आनंद झाला. चार-पाच महिने बहिणीजवळ बसून ज्या आवाजाबरोबर त्यानं रात्री काढल्या, तो आवाज आता समोरच्या घरातून येत होता. तांड्याच्या टोकाला एक सिमेंटचं घर, वर टिनपत्रे, पुढं ओटा. दाराखालून पिवळी उजेडाची रेघ. सर वाचत होते. संघदीप पाय न वाजवता ओट्यावर चढला. दार ठोकायला हात उचलला आणि खाली घेतला. बहिणीचं आठवलं. तो दाराला लागूनच खाली बसला, तेल चोपडलेलं डोकं दाराला टेकवलं, आणि ऐकत राहिला.

"...मृत्यूच्या दारी बसलेल्या पाहुण्याची कथा अनेक मुलखांत आढळते. नावे बदलतात. दार बदलत नाही. पाहुणा दूरचा प्रवास करून येतो. त्याचे काही तरी काम असते. काही न्यावयाचे असते. घरधनी आत आहे अशा समजुतीने तो उंबऱ्याबाहेर बसतो..."

संघदीपला गंमत वाटली. आपणही बसलोय, असं त्याच्या मनात आलं. दिवसभराचा थकवा होता. लाकूड थंड होतं, डोक्याला बरं वाटत होतं. डोळे मिटले.

ऐकता ऐकता आपण वाचणाऱ्याबरोबर दम घेतो. तुम्ही कधी लक्ष दिलं नसेल. कीर्तनात, भाषणात, बोलणारा थांबला की ऐकणाऱ्याचाही श्वास सुटतो. संघदीप तसाच ऐकत होता. वाक्य संपलं. आता सर दम घेतील.

घेतला नाही.

दुसरं वाक्य संपलं. तिसरं. चौथं. आवाज एकसारखा. ना चढ, ना घसरण. संघदीपची छाती भरून आली. त्याच्या लक्षात आलं, आपण श्वास रोखून बसलोय. केव्हाचे. त्यानं तोंड उघडून हवा घेतली आणि डोळे उघडले.

अंगणात कोणीतरी उभं होतं.

एक म्हातारी. अंगावर घोंगडी, हातात बंद टॉर्च. बांगड्या कोपरापर्यंत. ती जवळ आली, पण ओट्यावर चढली नाही. अगदी खालच्या आवाजात म्हणाली,

"कोन हाय बा तू?"

संघदीपनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू, मावशी. सर वाचून राह्यले. रेकॉर्डिंग चालू हाय."

म्हातारी त्याच्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "तुले बी ऐकू येते?"

"म्हंजे? तुमाले नाई येत?"

"मले रोज येते."

तिनं टॉर्च पुढं केला. "घे. कडी पाह्य."

त्यानं टॉर्च घेतला. बटण दाबलं. दाराच्या कडीवर उजेड टाकला.

कुलूप होतं.

मोठं, लोखंडी. गंज चढलेलं. किल्लीच्या भोकावर कोळ्यानं जाळं विणलेलं.

आतला आवाज थांबला.

संघदीप उठायला गेला तर पायात मुंग्या. दाराला धरून उभा राहिला, आणि दाराला धरलंय हे कळल्यावर हात काढून घेतला.

"मी मास्तरची भावजय, कमलीबाई," म्हातारी म्हणाली. "मास्तर पोळ्याच्या दुसऱ्या दिशी गेला, बापू. दम्यानं. रातभर पुस्तक पुरं कराचं, पुस्तक पुरं कराचं, हेच चाललं होतं. पाह्यटे दम लागला. मीच पाणी घातलं तोंडात. खाली नाई उतरलं."

"पोळ्याले?" संघदीपनं बोटांवर महिने मोजले. "मावशी, मागल्या मयन्यात त्याईची फाईल आली."

"मले फाईल-बिईल समजत नाई."

"त्याईचा फोन कोनाजवळ हाय?"

"रूपलाजवळ. पोराजवळ. तो ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर गेला, सांगलीकडं. फोन फुटला म्हने."

उजेडाची पिवळी रेघ दाराखाली तशीच होती. हलत नव्हती.

"तो कोनाचं वाईट करत नाई," कमलीबाई म्हणाली. "वाचते, अन् थांबते. आमी म्हातारे ऐकतो, अन् झोपतो. पर एक हाय. त्याच्यासंगं बोलाचं नाई. सोनीबाईनं एकडाव इचारलं, मास्तर, काय पायजे म्हून. ते बाई आठ दिस अंथरुनातून उठली नाई. दाराकडंच पाहे. चल. माह्या घरी चल. सकाळी जाजो."

संघदीप निघाला होता. ओट्याच्या दोन पायऱ्या उतरलाही होता.

तेव्हा आत कोणीतरी पान उलटलं.

आणि आवाज आला. "प्रकरण शेवटचे."

पहिल्यापासून. मघाशी बोलण्याचा आवाज झाला, म्हणून वाचणारा थांबला होता. आता तो पुन्हा पहिल्यापासून घेत होता.

संघदीप मला म्हणाला, काका, त्या वेळी माझ्या डोक्यात भूत नव्हतं. धम्मदीपा होती. घरी जाऊन तिला काय सांगायचं? प्रकरण होतं, वाचणारा होता, आणि मी पळून आलो? तो माणूस मरून चार महिने झाले तरी वाचतोय. ते कोणी घ्यायला आलं नाही म्हणून थांबत नाहीये.

तो परत वर चढला. कमलीबाईनं त्याचा सदरा धरला. त्यानं खिशातून फोन काढून तिला दाखवला, कानाला हात लावला, आणि हात जोडले. तिला काय समजलं कोण जाणे. ती कपाळाला हात लावून त्याच्यामागं ओट्यावर आली आणि त्याला खेटून बसली. त्याचं मनगट तिनं घट्ट धरलं.

त्यानं रेकॉर्डिंग सुरू केलं. फोन दाराच्या फटीपाशी ठेवला. तिथंच दाराला टेकला. डोकं मघाच्याच जागी गेलं.

आवाज वाचत राहिला. मृत्यूच्या दारी बसलेला पाहुणा. त्याचा प्रवास. त्याची तहान. कुठल्या मुलखात त्याला काय दिसतं, कुठल्या मुलखात त्याला कोण भेटतं. विद्वानाची भाषा, एकेक दाखला तोलून मापून दिलेला. एरवी धम्मदीपानं ऐकता ऐकता मान डोलावली असती. संघदीप दातांवर दात धरून बसला होता. थंडीनं नव्हे. मनातल्या मनात त्यानं त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. ओळी विसरल्या.

"...येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाहुणा आपण होऊन आत जात नाही. त्यास आत घ्यावयाचे असते. घरधनी आतून त्याचे नाव पुसतो. एकदा नव्हे, तीन वेळा. पाहुण्याने नाव सांगितले, की तो पाहुणा राहत नाही. तो घरचा होतो..."

कमलीबाईला ती भाषा कळत नसावी. पण तिची बोटं आवळली.

"...जे परतले, ते न बोललेले. एवढाच या सर्व कथांचा इत्यर्थ. ग्रंथ समाप्त."

पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

संघदीपनं फोनकडं हात नेला. तेवढ्यात आतून पुन्हा आवाज आला. आमच्या गटात पद्धत होती, असं तो म्हणाला. वाचून झालं की शेवटी नावं सांगायची. वाचलं कोणी, रेकॉर्ड केलं कोणी.

"वाचन, गोविंदसिंग."

मग...

"ध्वनिमुद्रण..."

आणि शांत.

सवय म्हणजे काय असते पाहा. इतक्या प्रकरणांच्या शेवटी त्यानं स्वतःचं नाव सांगितलं होतं. नाव जिभेवर आलं. तोंड उघडलं. कमलीबाईचा हात त्याच्या तोंडावर बसला. सुकलेला, खरखरीत. तिनं त्याचं डोकं दाराशी दाबून धरलं.

"ध्वनिमुद्रण..."

आता आवाज खोलीच्या मधून येत नव्हता. जवळून. दाराला लागून. आणि उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून नाही.

खालून.

बसलेल्या माणसाच्या.

संघदीपच्या कानाशी.

मधे फक्त एक फळी.

...

"ध्वनिमुद्रण..."

तिसऱ्यांदा ते विचारल्यासारखं नव्हतं. विनवल्यासारखं होतं. संघदीपच्या डोळ्यांतून पाणी आलं. भीतीनं की कशानं, त्याला सांगता आलं नाही. तो म्हणाला, काका, मला त्यांचा राग आला नाही. एकट्यानं एवढं मोठं काम केलेला माणूस दुसऱ्याचं नाव मागत होता. मी सांगितलं असतं. तिचा हात नसता, तर मी सांगितलं असतं.

हात होता.

किती वेळ गेला, माहीत नाही. मग दाराखालची रेघ गेली. विझली नाही. आत ओढून घेतल्यासारखी गेली.

कमलीबाईनं हात काढला. फोन तिनंच उचलून त्याच्या हातात दिला. दोघं एकही शब्द न बोलता तिच्या घरी गेली. तिनं चूल पेटवली. उजाडेपर्यंत दोघं चुलीपाशी बसून राहिली.

फाईल नीट आली होती. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. वैजयंतीताईंना त्यानं सगळं सांगितलं. त्यांनी जुन्या फाईलींच्या तारखा काढून पाहिल्या. मग म्हणाल्या, "पोळ्यानंतरच, संघदीप. पोळ्यानंतरच श्वास बंद झाला होता." शेवटचं ते तीनदा विचारलेलं त्यांनी कापलं. वाचन गोविंदसिंग, एवढंच ठेवलं. तिथं दुसरं नाव टाकलं नाही.

धम्मदीपाला भावानं काही सांगितलं नाही. तिनं प्रकरण ऐकलं आणि म्हणाली, "दादा, हे वाचन साऱ्यात चांगलं हाय. जवळ बसून वाचल्यासारखं." परीक्षा झाली, पेपर चांगले गेले. आता तो ग्रंथ बाहेरगावची आंधळी पोरंही ऐकतात. सरांच्या नंबरावरून गटावर पुन्हा काही आलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी तुम्हाला सांगितली नसती.

संक्रांतीला रूपला दोन दिवस घरी आला. कमलीबाईनं निरोप धाडला. संघदीप आणि वैजयंतीताई दोघं गेले, दिवसाढवळ्या. सगळा ग्रंथ एका पेन ड्राइव्हमध्ये भरून पोराच्या हाती द्यावा, बापाचं काम त्याला कळावं, एवढाच हेतू. रूपला साधा माणूस. ताईंच्या फोनवर बापाचा आवाज ऐकून तो ओट्यावर बसून रडला. मग म्हणाला, "या, घर पाह्यून घ्या. पप्पा इथंच बसत वाचत."

कुलूप उघडेना. गोडं तेल सोडून, दगडानं ठोकून उघडलं. दार लोटलं.

आत धूळ. पोळ्यापासूनची. फरशीवर बोटभर, आणि त्या धुळीत माणसाचं पाऊल नाही, मांजराचं नाही, उंदराचंसुद्धा नाही. टेबल, खुर्ची. टेबलावर तो ग्रंथ, मिटलेला, त्याच्यावर धूळ. रूपलानं पंच्यानं टेबल झटकलं. ताई पुस्तक हातात घेऊन उभ्या राहिल्या. भिण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. संघदीपला हलकं वाटलं. तो बाहेर जायला वळला.

वळला, म्हणून त्याला दाराची आतली बाजू दिसली.

डोकं टेकवून बसायच्या जागी भिंतीला तेलाचा डाग पडतो, पाहिलाय ना तुम्ही? तसा डाग. दाराच्या फळीवर. उभ्या माणसाच्या उंचीला नाही. बसलेल्या माणसाच्या.

"हा सरांचा असन," ताई म्हणाल्या.

रूपलानं मान हलवली. "पप्पाच्या डोक्यावर केस कुठं होते, ताई? त्याईनं कधी तेल लावलं नाई."

संघदीप ओट्यावर आला. दार अर्धं ओढून घेतलं आणि त्याची बाहेरची बाजू पाहिली. त्या रात्री तो तिथं दोनदा डोकं टेकवून बसला होता. दुसऱ्यांदा तर कमलीबाईनं त्याचं डोकं तिथंच दाबून धरलं होतं.

बाहेरची फळी कोरडी होती. पोळ्यापासूनची धूळ तिच्यावर जशीच्या तशी होती. बाहेरून कोणी टेकलंच नव्हतं.

डाग होता तो आतून.